शिवेवरची झडती

राघू सीमेवर नोकरी करून आला, हीच त्याची चूक झाली. वाडीतून कोणी कारखान्यात गेले होते, कोणी एसटीत. निवृत्त होऊन घरी आल्यावर त्यांना कोणी कारखान्याचं काही विचारत नसे. राघूला मात्र जो भेटेल तो विचारायचा. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, सलूनमध्ये गालाला साबण लागलेला असताना. "भाऊ, खरं सांगा, बॉर्डरला भिंत बरी का कॅमेरे?"

बरं, विचारणाऱ्याला उत्तर ऐकायचं असतं तर एक वेळ ठीक. पण वाडीत घरोघरी टीव्ही, आणि टीव्हीवर रोज संध्याकाळी हिंदीत ओरडणारी माणसं. ती पाहून कोणाचं मत झालेलं की डोंगराएवढी भिंत घातली की देश सुखात झोपेल. कोणाचं मत की ड्रोन सोडा, जमिनीत सेन्सर पुरा आणि जवानांना घरी पाठवा. ज्यांनी जन्मात चाकणच्या पुढे मुक्काम केला नाही, ते राघूला वाळवंट समजावून सांगायचे. राघूच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. पण गावात राहायचं होतं, म्हणून तो चहा संपवून उठायचा.

लोणीच्या पलीकडे माळाला टेकून असलेली ही वाडी. दोन टेकड्यांच्या मधून एक वाट खाली उतरते, ती थेट पाझर तलावावर येते, आणि तलावाच्या कडेने वस्ती. पावसाळा सरता सरता विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जायला लागल्या. केबलीतलं तांबं भंगारात विकलं जातं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सरपंच दादाभाऊंनी देवळापुढे बैठक बोलावली. दादाभाऊंचं म्हणणं, दोन टेकड्यांच्या मधे दगडी भिंत घालायची आणि लोखंडी गेट बसवायचं. पुण्याला कंपनीत असलेला मोहित खास सुट्टी काढून आलेला. त्याचं म्हणणं, भिंत ही जुनी गोष्ट झाली, चेहरा ओळखणारे कॅमेरे लावा. दोघांनीही देशाच्या सीमेचे दाखले दिले. मग सगळ्यांनी राघूकडे माना वळवल्या.

राघूने मनापासून सांगितलं. "वाळूत कुंपण गाडलं जातं. नदीत खांब ऱ्हात न्हाई. धुकं पडलं की कॅमेऱ्यात पांढरं फडकं दिसतं, आन नीलगाय आली तरी घंटा वाजती. भिंतीनं माणूस थांबत न्हाई, त्याला उशीर व्हतो. कॅमेरा माणूस धरत न्हाई, नुसता दावतो. उठून जायाचं काम आपलंच ऱ्हातं. आन एक सांगू का, चोरीचा माल लई करून भिंतीवरनं जातच न्हाई. गेटातनं जातो, वळखीच्या माणसासंगं."

एवढं ऐकूनही दादाभाऊ म्हणाले, "ते समदं खरं, भाऊ. पण एक काय ते सांगा."

कोणीतरी त्याच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. सीमेवर इतकी वर्षं काढली तेव्हा कोणी शाल दिली नव्हती. राघूला बरं वाटलं, आणि बरं वाटण्याच्या भरात तो बोलून गेला, "दोन्ही करा."

आणि केलं की राव. निधी कुठून आला ते निधीलाच ठाऊक. भिंत झाली, पण चिमाजीने बांधाची जागा दिली नाही, म्हणून ती त्याच्या कांद्याच्या वावरापाशी येऊन मुकाट थांबली. तिथून पुढे हत्ती आत आला असता. गेटाला कुलूप लागलं, त्याची चावी दादाभाऊंच्या खिशात, आणि वर कॅमेरा बसला. मोहितने वाडीतल्या प्रत्येकाचा चेहरा मशीनमध्ये भरला, म्हाताऱ्याकोताऱ्यांना उन्हात उभं करून फोटो काढले. उद्घाटनाला पेढे वाटले. "आता आपली शीव म्हणजे बॉर्डर," असं दादाभाऊ म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत राघूही होता.

दिवाळी झाली. आणि एका सकाळी चिमाजी बोंबलत देवळापुढे आला. त्याच्या विहिरीवरची केबल कापून नेली होती.

भिंत असून, कॅमेरा असून चोरी झाली, तर कोणालाही वाटेल की आता भिंतीच्या आणि कॅमेऱ्याच्या नावाने शिमगा होईल. छे. दिवाळीला आलेला मोहित अजून गावातच होता, त्याने मोबाईल काढला. गेटाबाहेर कालपासून कोणीतरी थांबलेलं दिसत होतं. डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी, तिच्या चेहऱ्याभोवती लाल चौकोन, आणि खाली लिहिलेलं, अनोळखी.

राघूने फोटो पाहिला. ती सारजाबाई होती. त्याची थोरली बहीण, त्याची आक्का.

राघूच्या बापाने मेंढरं विकून शेती धरली. सारजाबाईला मात्र आण्याच्या पठारावर मेंढरं राखणाऱ्या घरात दिलं, आणि ती अजून मेंढरं राखत होती. दरवर्षी दिवाळीनंतर कळप घेऊन ती कोकणाच्या वाटेला लागायची आणि पहिला मुक्काम या वाडीत टाकायची. बाजरी निघाली की कांद्याच्या लागणीआधी मेंढरं वावरात बसवायची, त्यांच्या लेंडीमुताने जमीन खतावते. त्यासाठी शेतकरी आधीपासून नंबर लावून असायचे. आजवर पहिला नंबर दादाभाऊंचाच लागत आला होता. त्यांचे कांदे ज्या खतावर पोसले, त्या खताच्या मालकिणीला मशीन अनोळखी म्हणत होतं, आणि समोर उभी माणसं मोबाईलकडे बघत माना डोलवत होती.

"ती माझी आक्का हाय," राघू म्हणाला. "तुमी समदे तिला वळखता."

"वळखतो की," दादाभाऊ म्हणाले. "आमी कुठं न्हाई म्हनतो? पण भाऊ, तुमीच सांगितलं, माल वळखीच्या माणसासंगं जातो."

राघूचाच शब्द, राघूच्याच तोंडावर मारला होता. सगळी माणसं गेटाकडे निघाली आणि तोही निघाला, पायात नोकरीतले जाड बूट होते तसाच.

गेटाबाहेर माळावर मेंढरं खोळंबली होती. रात्रभर तशीच. पाणी खाली डोळ्यांसमोर लखलखत होतं आणि मधे कुलूप. कुत्री जिभा काढून बसलेली. सारजाबाईची सून ऋतिका कोकराला ओंजळीतून कॅनमधलं उरलंसुरलं पाणी पाजत होती. चिमाजीच्या वावरातून वाट मोकळी होती, पण ही माणसं त्या वाटेला गेली नाहीत. कांद्याची रोपं तुडवली गेली असती. चोराला अशी फिकीर नसते, आणि एवढ्यावरून कोणाच्याही डोक्यात प्रकाश पडायला हरकत नव्हती.

"राघू, गेट का लावलंय रं?" सारजाबाईने विचारलं. "कालधरनं हाका मारतीय. जित्राबाला पानी दावायचंय."

दादाभाऊ पुढे झाले. आवाज अगदी मऊ. "आक्का, राग मानू नका. चोरी झालीय. नियम समद्यांना सारखा. सामान बघितलं की लगेच गेट उघडतो." मग राघूकडे वळून म्हणाले, "बाईमाणसाच्या सामानाला आमी कसा हात लावणार? तुमची भन हाय, तुमचं ट्रेनिंग हाय. तुमीच बघा."

म्हणजे अपमान करायचा, आणि तो घरच्या माणसाच्या हातून करायचा, आणि वर त्याला मान ठेवला म्हणायचं. राघूला तिथल्या तिथे नाही म्हणता आलं असतं. पण मेंढरं केविलवाणी ओरडत होती. पटकन बघून टाकू, पाणी तरी मिळेल, असा त्याने विचार केला. सारजाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने घोड्यावरचं बिऱ्हाड स्वतः खाली घेतलं आणि त्याच्या पुढ्यात ठेवलं.

राघूच्या हातांना काम ठाऊक होतं. त्याने वाकळेची शिवण चिमटीने दाबत नेली. हंडा उलटा करून बुडावर बोट वाजवलं. बाजरीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. मेंढरं कोंडायची जाळी झटकली. तेलाच्या डब्याचं झाकण काढून वास घेतला. लोक कौतुकाने बघत होते. हात एकातून दुसऱ्यात जात होते आणि मन कुठे मागेच राहिलं होतं. एक पिवळं गाठोडं हाताला लागलं, त्याने गाठ सोडली, आत बोटं घातली.

बोटं भंडाऱ्याने पिवळी झाली. आत देव होते. धातूच्या पत्र्यावर उमटवलेले टाक, घरातले देव आणि घरातली गेलेली माणसं. मुक्कामाला पोचल्यावर बिऱ्हाडातून आधी तेच उतरतात, आणि पायात चप्पल घालून त्यांना कोणी शिवत नाही. एक टाक नवा होता, अजून चकचकीत. तो आक्काच्या मालकाचा. दाजी गेल्या वर्षी वारला तेव्हा तो घडवायला राघू स्वतः सोनाराकडे गेला होता.

मागून चिमाजीने मान लांब केली. "तांबं हाय का रं ते?"

राघू उठला.

"माझा दाजी हाय त्यो," तो म्हणाला. "चिमाजी, तुझी केबल दिवसा कापली का राती? लाइट नसताना कापली, न्हाईतर कापणारा तिथंच चिकटला असता. आपल्याकडं थ्री-फेज कधी येती आन कधी जाती, हे माळावरच्या म्हातारीला मशीन सांगतं व्हय? ते आपल्यातल्याला ठावं असतं. कॅमेऱ्याचं तोंड बाहेर, भिंतीचं तोंड बाहेर, आन चोर तुमच्या पंगतीला जेवतोय. तुमाला त्यो नकोय. तुमाला कुणीतरी बाहेरचा पायजे."

"भाऊ, तुमीच म्हणाला व्हता, दोन्ही करा," मोहित म्हणाला.

"म्हणालो. शाल घातली आन म्हणालो. ती शाल घेऊन जा घरनं." त्याने हात पुढे केला. "चावी."

दादाभाऊंनी खिशातून चावी काढून दिली. गेट उघडलं. मेंढरं धावत उतरली आणि तलावाच्या काठाला लागली, आणि बराच वेळ पाणी पिण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. राघूने बूट काढले. तो गाठोड्याला हात लावायला वाकला तर सारजाबाईने ते आधीच उचलून छातीशी धरलं होतं.

"आक्का," तो म्हणाला, "घरी चल. तुजी भावजय वाट बघती."

बिऱ्हाड बांधून झालं, मेंढरांची पोटं भरली, आणि तिने ऋतिकाला कळप माघारी वळवायला सांगितलं. माळाकडे, गेटाबाहेर.

दादाभाऊंच्या आता लक्षात आलं. ते लगबगीने आडवे झाले. "आक्का, आवं असं काय करता? माझ्या वावरात बसवायचं ठरलंय. मी तुमच्यासाठी बाजरी काढून ठेवलीय."

सारजाबाई गेटात थांबली. तिने घोड्यावरून बिऱ्हाड पुन्हा खाली घेतलं. वाकळ, हंडा, पोतं, एकेक करून दादाभाऊंच्या पायापाशी मांडलं. फक्त पिवळं गाठोडं काखेत राहिलं.

"जाताना बी बघा," ती म्हणाली. "नियम समद्यांना सारखा. आन मेंढरांच्या पोटात तुमच्या तळ्याचं पानी हाय, तेवढं लिवून ठेवा."

कोणी वाकलं नाही. मोहित मोबाईलमध्ये बघत होता. चिमाजी आपल्या वावराकडे चालायला लागला होता. राघूने अनवाणी पायांनी पुढे होऊन सामान उचललं, घोड्यावर चढवलं, दोर आवळला. तिने त्याला ते करू दिलं. तो तिच्याबरोबर गेटाबाहेर पडला आणि कळपामागे चालू लागला.

थोडं पुढे गेल्यावर ती थांबली.

"राघू, तिकडं नोकरीवर हुतास तवा," तिने विचारलं, "बायामाणसांचं सामान असंच बघायचास?"

"हुकूम असायचा, आक्का."

"आज कुणाचा व्हता?"

भंडाऱ्याने पिवळी झालेली बोटं पँटला पुसायला राघूने हात खाली नेला, पण त्याला ती पुसवेनात.

"तू जा माघारी," ती म्हणाली. "तुजं घर आत हाय."

ती त्याच्यासोबत गेटापर्यंत परत आली. तो आत गेल्यावर तिने लोखंडी दार स्वतःच्या हाताने ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली आणि कळपाच्या मागे निघून गेली.