बाबांचा अडलेला वारा

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या आतड्याला पीळ पडला होता. डॉक्टरांनी तेवढा तुकडा कापून टाके घातले आणि तेव्हापासून आमचं अख्खं घर एका वाऱ्याची वाट बघत बसलं. वारा सरला की आतडी जागी झाली, मग पाणी मिळणार, जेवण मिळणार. पण बाबांचं पोट फुगत चाललेलं, आणि वारा काही सरेना.

"संध्याकाळपर्यंत बघू," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर पोट पुन्हा उघडावं लागेल."

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी मात्र कंबर कसली. बाबांच्या उशाशी ठाण मांडलं ते हललेच नाही. सारखी विचारायची, "बाबा, झालं का?"

"नाही, सूनबाई," ते भिंतीकडे तोंड करून म्हणायचे. कपाळावर घाम, मुठी आवळलेल्या. मला वाटलं, दुखतंय बिचाऱ्यांना.

दुपारी मी दारापर्यंत गेले, तर त्यांच्या मुठी सैल. परत वळले, तर पुन्हा घट्ट. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा माणूस घरी संडासात गेला की आधी नळ सोडतो, बाहेर काही ऐकू जाऊ नये म्हणून. तो सुनेसमोर वारा सोडणार? जिवावर बेतलं तरी बेहत्तर! एवढी उशाशी बसून सेवा करणारी मीच आडवी आले होते. रागाने माझ्या अंगाची लाही लाही झाली, आणि त्याच क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की काय सांगू.

"बाबा, आम्ही जरा चहा घेऊन येतो," मी म्हणाले, बेसिनचा नळ पूर्ण सोडला आणि नवऱ्याला ओढलं.

"अगं, त्यांना एकटं टाकून?"

"चला म्हणते ना!"

दाराला कान लावून उभे राहिलो. नुसतं पाणी. मग एक बारीकसा, घाबरलेला आवाज. आणि मग असा दणदणीत, की टेबलापाशी लिहीत बसलेली नर्स उठून उभीच राहिली!

"झालं! बाबांचं झालं!" नवरा ओरडला आणि भर व्हरांड्यात त्याने मला मिठी मारली. समोरच्या खोलीतल्या आजींनी टाळ्या वाजवल्या.

आत गेलो. बाबा छताकडे बघत होते, लालबुंद.

"वरच्या मजल्यावर कपाट ओढतायत वाटतं," ते म्हणाले.

वर नुसती गच्ची होती.

"ओढू द्या, बाबा," मी त्यांचे पाय धरून हसत, रडत म्हणाले, "रात्रभर ओढू द्या!"