सत्तेचाळीस नंबरची चिठ्ठी

मी डबा बोलतोय. पत्र्याचा, गोल, झाकणावर दोन बदकं रंगवलेला. त्यातलं एक बदक आता पुसलं गेलंय. हसू नका. अडुसष्ट मुलांच्या वर्गाला मी गप्प बसवलंय, आणि त्याहून अवघड म्हणजे बोलतं केलंय.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात बिस्किटं घेऊन मी एका घरात आलो. बिस्किटं चार दिवसांत संपली. मग घरातल्या सासूबाईंनी मला धुऊनपुसून माझ्यात बटणं ठेवली. शर्ट फाटून गेले तरी बटणं राहिली. माणसं काय काय जपतात, ते डब्यांना विचारावं.

त्या घरची सून कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागली. नेमणूक एका वर्षाची. वर्ष संपायच्या आत प्राचार्य तिच्या तासाला मागे बसणार आणि मग ठरवणार, हिला ठेवायचं की नाही. इकडे वर्गाने पहिल्याच आठवड्यात तिला 'पुटपुट मॅडम' करून टाकलं होतं, कारण ती फळ्याशीच बोलायची. मागच्या बाकांवर बाजार भरायचा. ती ओरडली की दोन मिनिटं शांतता, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

एका संध्याकाळी ती रडवेली होऊन बसली होती. सासूबाईंनी विचारलं, "तू प्रश्न विचारतेस ते कुणाला?"

"हात वर करतात त्यांना."

"म्हणजे रोज त्याच चौघांना. मग बाकीच्यांनी गप्पा नाही मारायच्या तर काय करायचं गं?"

असं म्हणून त्यांनी बटणं ताटात ओतली आणि मला तिच्या हातात दिलं. "सगळ्यांचे नंबर टाक यात. ज्याचा निघेल त्याने बोलायचं."

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर बसलो आणि वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता! मी फुगून टुम्म झालो. पण आठवड्याभरात पुन्हा गलका. त्यातही गंमत अशी, की ज्यांचे नंबर निघून गेले तेच जास्त बडबडत होते. कारण मॅडम निघालेली चिठ्ठी बाजूला ठेवायच्या. ज्याची चिठ्ठी निघाली तो सुटला, वर्षभराची सुट्टी!

स्टाफरूममध्ये हे ऐकून तिच्याच विषयाचे थोरले सर चहा सांडेपर्यंत हसले. "अहो मॅडम, उचललेलं परत टाकून निवड करणं आणि न टाकता करणं, यातला फरक तुम्हीच शिकवता ना? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. परत टाका चिठ्ठ्या!"

मॅडम लाजल्या. मग बाजूच्या चिठ्ठ्या परत टाकता टाकता त्यांनी मोजल्या. बाहेरच्या आणि आतल्या मिळून सदुसष्ट भरल्या. सत्तेचाळीस नव्हती.

मला माहीत होतं ती कुठे आहे. पहिल्याच आठवड्यात मला स्टाफरूममध्ये नेऊन ठेवायचं काम एका मुलीला दिलं होतं. जिन्याच्या वळणावर ती थांबली, झाकण उघडलं, आपली चिठ्ठी शोधली आणि ओढणीच्या टोकात बांधली. "माझं उत्तर चुकलं तर सगळे हसतील रे," असं ती मला म्हणाली. डब्याशी बोलताना कुणाला भीती वाटत नाही. मला फार वाईट वाटलं, पण मी काय बोलणार?

मॅडमनी हजेरीपट पाहिला. सत्तेचाळीस रोज हजर, खिडकीशेजारचा शेवटचा बाक. कागद फाडून नवी चिठ्ठी करायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्यांनी ती केली नाही, आणि वर्गात अवाक्षर काढलं नाही.

मात्र रीत बदलली. आता आधी प्रश्न सगळ्या वर्गाला. मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलायचं, मोठ्याने बोललं तरी चालेल. त्यानंतर चिठ्ठी. येत नसेल तर 'पुढच्या वेळी' म्हणायची मुभा, पण मग पुढच्या वेळी सुटका नाही. त्या दोन मिनिटांत मॅडम फळा सोडून बाकांमधून फिरायच्या. बोलायची रीतसर परवानगी मिळाल्यावर गप्पांमधली मजाच गेली, मुलं गणिताबद्दल भांडू लागली. खिडकीजवळची मुलगी शेजारणीला हळू आवाजात इतकं सुरेख समजावायची, की मॅडम एकदा वाकून म्हणाल्या, "हे मलाही असं सांगायला सुचलं नसतं." आणि पुढे गेल्या. तिला उभं केलं नाही.

प्राचार्य येणार त्याच्या आदल्या दिवशी तास संपल्यावर ती मुलगी टेबलाशी आली. "मॅडम, डबा मी नेऊ?"

"ने की."

जिन्याच्या त्याच वळणावर झाकण उघडलं आणि चिठ्ठी माझ्या पोटात परत आली. इतके दिवस ओढणीच्या गाठीत राहून ती जुन्या कापडासारखी मऊ झाली होती.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य वही उघडून मागे बसले. मॅडमनी फळ्यावर लिहिलं: चार दिवस बस पाच मिनिटांत आली, पाचव्या दिवशी एक तासाने. सरासरी सोळा मिनिटं. या सोळाचा अर्थ काय?

दोन मिनिटं संपली. त्यांनी माझ्यात हात घातला, आणि बोटं त्या मऊ चिठ्ठीवर थांबली. त्यांना कळलं, ही सत्तेचाळीस. मला त्यांच्या बोटांतून कळलं. वर्गातलं सगळ्यात चांगलं उत्तर हातात होतं आणि नोकरी पणाला लागली होती. त्यांनी ती चिठ्ठी सोडून दिली, दुसरी उचलली.

"बारा."

बारा नंबर उभा राहिला, प्राचार्यांकडे पाहून त्याची दातखीळ बसली. "पु... पुढच्या वेळी, मॅडम." कुणीतरी फिसकन हसलं. प्राचार्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मॅडमचा चेहरा उतरला, आणि मला तर घामच फुटला असता.

तेवढ्यात खिडकीजवळ एक हात वर आला. कोपरापर्यंतच, पण आला.

"मॅडम, सोळा मिनिटं... एकाही दिवशी थांबावं लागलं नाही. सरासरी आहे, पण तसा दिवसच नाही."

कुणी हसलं नाही. मॅडमचे डोळे भरून आले, त्यांनी फळ्याकडे वळून तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. त्या दिवशी कुणी त्यांना पुटपुट म्हटलं नाही.

त्यांची नोकरी टिकली. पुढे वर्षामागून वर्षं गेली, वर्ग बदलले, ती एक मऊ चिठ्ठी सोडून बाकी चिठ्ठ्या नव्या झाल्या. मग मोबाईलच नंबर काढू लागला आणि माझ्यात टाचण्या आल्या. त्याचंही वाईट नाही वाटत, बटणांची सवय होतीच.

परवा एक नवे सर स्टाफरूममध्ये डोकं धरून बसले. "वर्ग ऐकतच नाही हो. मोबाईलवर नंबर काढून प्रश्न विचारले, तर मुलं यायचीच बंद झाली." मॅडम या महिन्यात निवृत्त होतायत. त्यांनी टाचण्या ओतून मला सरांपुढे ठेवलं. "हा घ्या. बोलायला वेळ द्या, मग उचला. उचललेली परत टाका."

सरांनी आत पाहिलं. तळाशी एक मऊ, पिवळी चिठ्ठी चिकटली होती. ते ती काढायला लागले, तशी मॅडमनी त्यांचा हात धरला.

"ती राहू द्या. ती उचलायची नसते, तिची वाट बघायची असते."

उद्यापासून मी पुन्हा वर्गात. तुम्ही कुठे शिकवत असाल, तर एवढंच सांगतो: तुमच्याही डब्यात एक चिठ्ठी कमी असेल. जरा मोजून बघा.