वहिनींचा एअरब्रश थुंकू लागला तेव्हा

शाळेतली नोकरी संपल्यावर वहिनींनी छोट्या ट्राम रंगवायला घेतल्या. तळहातावर मावेल एवढी ट्राम, अंगभर लाल रंग आणि खिडक्यांखाली साईच्या रंगाचा बारीक पट्टा. रविवारी वाचनालयात त्यातल्या चार मांडायच्या होत्या आणि शुक्रवारी सकाळी रंग फवारायचा एअरब्रश रुसला. पट्ट्याच्या जागी नुसते शिंतोडे. वर रंगाच्या वाटीत बुडबुडे, तळाशी बेडूक बसल्यासारखे.

वहिनींनी रंग पातळ करून पाहिला. हवेचा दाब कमी केला, वाढवला. कॉम्प्रेसरला चार शब्द सुनावले. शेवटी धाकट्या दिरांना फोन केला. त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, म्हणून घरचेही त्यांना घड्याळजीच म्हणायचे.

ते आले तेव्हा वहिनींचे यजमान, म्हणजे घड्याळजींचे दादा, खिडकीपाशी पेपर वाचत बसले होते. साधा बल्ब बदलायलाही या घरात कुणी दादांना बोलावत नसे.

"वहिनी, पेशंट कुठाय?" घड्याळजींनी विचारलं.

"हा काय. सकाळपासून थुंकतोय मेला."

घड्याळजींनी टेबलावर पांढरा रुमाल पसरला आणि डोळ्याला भिंग लावलं. "आधी ती लांब सुई मागून ओढून काढा. मी नको, तुमचं हत्यार तुम्हीच खोला."

वहिनींनी सुई काढली. मग पुढचं नॉझल फिरवून रुमालावर ठेवलं. तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान, आणि त्याच्या टोकाचं भोक तर डोळ्यांना दिसतही नव्हतं. घड्याळजी बराच वेळ त्यावर वाकून राहिले.

"तोंड फाटलंय," ते म्हणाले. "चीर पडलीय. म्हणून हवा उलटी वाटीत शिरते. तेच तुमचे बुडबुडे."

"अहो भाऊजी, मी तर लेकरासारखं जपते त्याला."

"तुम्ही नसाल केलं. पण कुणीतरी आत जाड सुई खुपसलीय. कपडे शिवायची असावी."

दादांचा पेपर जरा जास्तच उंच झाला होता, आणि त्यांनी बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

"अहो," वहिनी म्हणाल्या.

"टोकाला रंग वाळला होता," पेपरामागून आवाज आला. "बुधवारी तू दातांच्या डॉक्टरकडे गेली होतीस. म्हटलं, येईपर्यंत साफ करून ठेवावं. तेवढीच मदत."

"तीस वर्षांत पहिल्यांदा मदत केलीत," वहिनी म्हणाल्या, "ती नेमकी इथेच का?"

घड्याळजींना हसू आवरेना. दादांनी पेपर खाली घेतला. चेहरा इतका पडला होता की वहिनींचा राग अर्ध्यावरच विरला.

नशिबानं डबीत एक जादा नॉझल होतं. ते बसवताना वहिनींनी पाना उचलला, तसं घड्याळजी म्हणाले, "जोर नको. दोन बोटांनी, टेकलं की थांबायचं. इथं आवळलं की तुटलंच समजा." सुई हलकेच आत सरकली. वहिनींनी जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर रेघ ओढली. केसासारखी बारीक, एकही शिंतोडा नाही. त्यांनी एक रेघ अजून ओढली, उगाचच.

दुपारपर्यंत चारही ट्रामना पट्टे मिळाले.

संध्याकाळी वहिनींनी दादांना समोर बसवलं आणि साफसफाई शिकवली. वाटीत पाणी घालून फवारा स्वच्छ येईपर्यंत उडवायचा, सुई मागून काढून ओल्या कापडानं पुसायची, नॉझलला मऊ ब्रश, बाकी काही नाही. दादांनी सगळं ऑफिसातल्या सवयीनं कागदावर लिहून घेतलं, खाली तारीख टाकली आणि तो कागद कॉम्प्रेसरच्या वर चिकटवला.

पुढच्या आठवड्यात घड्याळजी सहज डोकावले. रंगाचं काम नुकतंच संपलं होतं आणि वहिनी हात झटकत स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या.

"कुठे निघालीस?" दादांनी दार अडवलं. "आधी सुई काढ. चहा मी टाकतो."

"भाऊजी, बघताय ना," वहिनी म्हणाल्या, आणि निमूटपणे मागे वळल्या.