गुडघ्याचे गुरुवार

एकशे बेचाळीसाव्या वेढ्याला बायकोचा फोन वाजला.

ती वारून सहा दिवस झाले होते. फोन बंद करायला हात धजत नव्हता, म्हणून फोन खिशात ठेवूनच तो दुकानात पंपांच्या मोटारींना तांब्याची तार भरत बसायचा. मोजताना चुकलं की सगळी तार उलगडून पहिल्यापासून भरावी लागते. तरी त्यानं उचलला.

"ताई आहेत का?" एका बाईचा आवाज. "अकराची वेळ होती त्यांची."

"कसली वेळ?"

"समुपदेशनाची."

गुरुवारी बायको गुडघ्याच्या व्यायामाला जायची. वर्षभर जात होती, तरी जिना चढताना कठडा सुटत नव्हता.

"तुझा डॉक्टर गुडघा बघतो की नुसत्या गप्पा मारतो?" तो चिडवायचा.

"गप्पाच मारतो," ती म्हणायची.

चार वर्षांपूर्वी लेक घर सोडून गेली. बाबांचं ओरडणं आता सोसत नाही, समुपदेशक बाईंशी बोलूनच ठरवलंय, असं चिठ्ठीत होतं. तेव्हापासून तो त्या बाईच्या नावानं बोटं मोडत आला. माझं घर फोडलं, म्हणायचा. आई गेल्याचंही त्यानं लेकीला कळवलं नव्हतं, कुणाला कळवू दिलं नव्हतं.

फोनमध्ये मागून कुणीतरी बोललं.

"बाबांनी उचललाय का? आई आज त्यांना घेऊन येणार होती. नाही म्हणाले असतील."

चार वर्षांत लेकीचा आवाज जरा भरला होता. बाकी तोच.

"हॅलो?" बाई म्हणाल्या. "ताई बऱ्या आहेत ना?"

त्यानं टेबलाची कड धरली.

"बाहेर गेलीय," तो म्हणाला. "पुढच्या गुरुवारी येतो. पत्ता सांगा."

पत्ता त्यानं खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला. मग तार उलगडली आणि एकपासून मोजायला लागला.

पुढच्या गुरुवारी नखांतलं मोटारींचं वार्निश घासून काढून तो अकराच्या आधीच पोचला. दुसरा मजला. दार उघडंच होतं. समोर बाई बसलेल्या, त्यांच्यापुढे तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत निळी उशी होती. घरात ती महिनाभर सापडत नव्हती. शोधताना तो बायकोवर ओरडलाही होता.

कडेच्या खुर्चीवरून लेक उठली. बारीक झाली होती, चष्मा लागला होता. तिनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून दाराकडे.

"आई जिन्यातच थांबली का? गुडघा?"

त्याची नजर निळ्या उशीवर गेली.

"बसा तुम्ही. मी हात देते तिला."

ती त्याच्या बाजूनं बाहेर पडली. पायऱ्यांवरून खाली जाणारी तिची पावलं ऐकू येत राहिली. बाई त्याच्याकडे बघत होत्या. त्यानं अजून सांगितलेलं नव्हतं.