पाच बोर्ड आणि एक मांडव

एकोणीसशे बहात्तरच्या फाल्गुनात मी एक वायरिंग केलं. त्याचं कौतुक आजवर कोणी केलेलं नाही, म्हणून आता स्वतःच करतो.

नागपूरच्या ट्रंक बुकिंगच्या खोलीत मी मेकॅनिक होतो. परगावी फोन करायचा तर आधी आमच्याकडे नोंदवावा लागे. कॉल आला की बोर्डावर दिवा लागायचा, बाई वायर खोचून नंबर लिहून घ्यायच्या. बोर्ड पाच. पण कोण्या शहाण्याने जोडणी अशी केली होती, की प्रत्येक कॉल आधी पहिल्या बोर्डावर जाई आणि तो अडला तरच दुसऱ्यावर. म्हणून पहिल्या बोर्डावर यमुताईंना पाणी प्यायची फुरसत नसे आणि पाचव्या बोर्डावर अरुंधती ऐन फाल्गुनात स्वेटर विणत बसे.

त्यात यमुताईंच्या सत्यवतीचं लग्न ठरलं, वर्धेला. ताईंनी आठ दिवसांची रजा मागितली. सुपरवायझर मधुकरराव म्हणाले, "संत्र्याचा हंगाम आहे, ताई. निम्मा बाजार तुमच्या बोर्डावर येतो. एक दिवस देतो."

नवरीच्या आईला एक दिवस! म्हणजे पाहुण्यासारखं जेवायचं आणि परत यायचं. ताईंचे डोळे भरले आणि माझं डोकं फिरलं.

"साहेब, मी कॉल पाळीपाळीने पाचही बोर्डांवर वाटून देतो. मग पहिल्या बोर्डावर कोणीही बसलं तरी चालेल. शनिवारी कोणाला दहा मिनिटांच्या वर थांबावं लागलं नाही, तर ताईंना आठ दिवस द्या."

"चालेल," मधुकरराव म्हणाले. माझ्यावर विश्वास होता म्हणून नव्हे, वाद टळावा म्हणून.

दोन दिवस मी वायरींच्या कपाटात डोकं घालून होतो. गुरुवारी सकाळी दिवे एकापाठोपाठ एक, पंगतीत वाढल्यासारखे पाचही बोर्डांवर फिरू लागले. मी कॉलर ताठ केली. अर्ध्या तासात ती उतरली.

"यमुताई नाही का? मंग ठेवतो." अरुंधतीचा आवाज ऐकला की संत्र्याचे व्यापारी फोन ठेवत आणि ताईंची पाळी लागेपर्यंत पुन्हा पुन्हा लावत. एका कॉलचे चार-चार झाले. दुपारी लोक पस्तीस मिनिटं ताटकळत होते. मी भडकलो. यंत्राने वाटून द्यावं आणि माणसांनी परत गोळा करावं, हा कुठला न्याय?

"मुकुंद, तुझं यंत्र ठीक आहे," ताई म्हणाल्या. "माणसं माझी आहेत. मलाच बोलू दे."

तेवढ्यात त्यांच्या बोर्डावर महादेवराव आले, संत्र्याचे मोठे अडते. ताईंनी आधी नेहमीसारखं विचारलं, "म्हैस व्याली का, महादेवराव?"

"व्याली वं ताई, पारडी झाली. बाकीच्या पोरी काही इचारतच नाही!"

"तुमचं झालं, आता माझं ऐका. माझ्या पोरीचं लग्न आहे. तुम्ही सगळे असे फोन ठेवत राहिले तर मला तिची हळदसुद्धा दिसायची नाही."

मग महादेवराव म्हणाले, "आधी काहून नाही सांगतलं? थांबा, बाजारात सांगून येतो."

शुक्रवारी एकानेही फोन ठेवला नाही. फक्त प्रत्येक जण हाती लागेल त्या पोरीला आधी लग्नाची तिथी विचारत होता. शनिवारी तर कमाल झाली. महादेवराव आणि दुसरे अडते मनोहरराव दहा वर्षं एकमेकांपासून भाव लपवत आलेले. त्यांनी कलकत्त्याचा एकच कॉल नोंदवला आणि दोघे आळीपाळीने त्यात ओरडले. सगळ्यांत जास्त थांबावं लागलं ते चार मिनिटं. मधुकररावांनी थांबण्याच्या वेळांचा तक्ता दोनदा वाचला आणि आठ दिवसांच्या अर्जावर सही केली.

लग्नाच्या दिवशी पहिल्या बोर्डावर यमुताईंच्या जागी सिंधूताई होत्या. काम सुरळीत चाललं होतं. साडेअकराला दिवे कमी झाले आणि बाराला पाचही बोर्ड विझले. एकही कॉल नाही! मी कपाट उघडून स्वतःलाच शिव्या देत एकेक वायर तपासू लागलो. मधुकरराव मागे येऊन उभे राहिले.

तेवढ्यात अरुंधतीचा दिवा लागला. वर्धेहून कॉल होता. मी तिच्या कानावरचा हेडफोन ओढला. "लाईन बंद पडली का हो?"

"बंद कायची पडते, मुकुंदराव? सारा बाजार इथं मांडवात हाय!" महादेवराव होते. "ताई म्हणे, तुमाले अक्षता टाकता येत नाही, त मंगलाष्टकं तरी आयका."

मी वर्धेची ती एकच लाईन पाचही बोर्डांना जोडून दिली. मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींच्या मागे एक आवाज रडत होता आणि हसतही होता. तो ताईंचा, सगळ्यांनी ओळखला. सिंधूताईंनी हात जोडले. मलाही राहवेना, डोळे पुसले.

तीन मिनिटं झाली. नियमाप्रमाणे आता कॉल तोडायचा किंवा वाढवायचा. अरुंधतीने मधुकररावांकडे पाहिलं.

"अजून शेवटचं सावधान व्हायचं आहे," ते कानाशी हेडफोन धरून कुजबुजले. "वाढव."