एका श्वासावर दोघे

मित्रांनो, मी एक जुना रेग्युलेटर आहे. पंख्याचा नव्हे आणि गॅसच्या टाकीवरचाही नव्हे. मी पाण्याखाली माणसाला श्वास पुरवतो.

माझं पोट पितळेचं, वाटोळं, बशीएवढं. दोन्ही बाजूंना घड्याघड्यांच्या दोन रबरी नळ्या. माणसाच्या पाठीवर हवेची टाकी असायची आणि तिच्या डोक्यावर मी. एका नळीतून हवा त्याच्या तोंडाशी जायची, दुसरीतून उच्छ्वास परत यायचा. माझ्या आधीचे पाणबुडे डोक्यावर तांब्याचं जड शिरस्त्राण चढवून, वरून सोडलेल्या नळीला बांधल्यासारखे चालत. माझ्यामुळे माणूस माशासारखा मोकळा झाला. पोटातला रबरी पडदा श्वासासरशी हलायचा, तेवढ्यानं हवा सुटायची. त्यानं मागितली तेवढीच, मागितली तेव्हाच. याचं मला अजूनही नवल वाटतं.

माझा मालक बंदरातला पाणबुड्या होता. जहाजांच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, जहाज पुढे ढकलणारा पंखा तपासायचा, हे त्याचं काम. जोडीला त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पहिल्यांदा मी जहाजाखाली गेलो ते अजून आठवतं. डोक्यावर गावाएवढं लोखंड तरंगत होतं आणि त्याखाली दोन माणसं, मुंग्यांसारखी.

एकदा अशाच एका जहाजाच्या पोटाखाली मेहुण्याची नळी पंख्याच्या धारेवर फाटली. त्याच्या तोंडात पाणी शिरलं. सरळ वर जावं तर वर लोखंड, आणि कडा तीस-चाळीस हात लांब. मालकानं त्याला छातीशी ओढलं, स्वतः श्वास घेतला आणि माझा तोंडात धरायचा रबरी तुकडा काढून त्याच्या तोंडात दिला. मेहुण्यानं भीतीनं मला करकचून चावलं. दोन श्वास त्याचे, दोन श्वास मालकाचे. असं करत दोघं कडेपर्यंत सरकले आणि वर आले. मला एकाच माणसासाठी घडवलं होतं. त्या दिवशी मी दोघांना पुरलो.

काठावर मेहुणा बराच वेळ खोकत बसला. मग म्हणाला, "दाजी, ताईला सांगू नका."

"काय सांगायचंय?" मालक म्हणाला. "दोघं गेलो, दोघं आलो."

पुढे एका नळीचे, सुटसुटीत रेग्युलेटर आले आणि मी माळ्यावर गेलो. नळ्या कडक होऊन तडकल्या, पितळेवर हिरवा थर चढला. मालक म्हातारा झाला, वारला. खालच्या खोलीतलं रडणं मी ऐकलं. मला मात्र कोणी खाली काढलं नाही.

काही वर्षांनी मालकाची बायको, आता आजी झालेली, कवळी बसवायला एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. या बाईंना जुने रेग्युलेटर जमवायचं वेड. दवाखान्यातल्या काचेच्या कपाटात माझे पाच-सहा भाऊबंद मांडलेले होते. ते पाहून आजी म्हणाल्या, "असलं एक आमच्या ह्यांचंही आहे. धूळ खात पडलंय." दुसऱ्याच दिवशी पिशवीतून माझी स्वारी तिथे पोचली.

डॉक्टरीणबाईंनी मला दात साफ करायच्या बारीक हत्यारांनी खोललं. तोंडात धरायचा रबरी तुकडा त्या भिंगाखाली बराच वेळ पाहत राहिल्या.

"आजी, यावर दोन माणसांचे दात उमटलेत."

आजींनी वाकून पाहिलं. "ही फट ह्यांच्या दातांतली. आणि हा वाकडा सुळा..." त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "हा माझ्या भावाचा."

भावाला बोलावलं. तोही आता काठी टेकत चालत होता. चाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्यानं खाली मान घालून सांगितली. आजी म्हणाल्या, "त्या दिवशी दोघं माझ्यासमोर जेवायला बसलात. भाजीत मीठ कमी आहे म्हणालात. आणि हे बोलला नाहीत."

मग त्यांनी हट्ट धरला, एकदा आपणही पाण्याखाली श्वास घेऊन पाहायचा. डॉक्टरीणबाईंनी मला नव्या नळ्या, नवा पडदा बसवला, हवेची टाकी जोडून तपासून पाहिलं, आणि एका सकाळी आम्ही पोहण्याच्या तलावावर गेलो. आजींनी जन्मात पाण्याखाली डोकं घातलं नव्हतं. छातीभर पाण्यात, एका बाजूला डॉक्टरीणबाई आणि दुसऱ्या बाजूला भाऊ, अशा त्या उभ्या राहिल्या आणि मला तोंडात धरून हळूच खाली बसल्या. माझा पडदा हलला. हवा गेली. त्यांचे डोळे मोठे झाले. एवढ्या समुद्रांत उतरलो मी, पण त्या छातीभर पाण्यात जे पाहिलं ते कुठेच पाहिलं नव्हतं.

वर येऊन त्या म्हणाल्या, "आपलाच श्वास ऐकू येतो फक्त. एवढं शांत असतं होय खाली? मी मेली जन्मभर जिवाला घोर लावून बसले."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. रबराला ऊन लागू देऊ नका, पितळ पुसून ठेवा. पण त्या वापरणाऱ्या माणसांशी आधी बोला, ती समोर आहेत तोवर. मला तोंड नव्हतं. त्यांना होतं, फक्त कोणी विचारलं नाही.