भिंगरीची खरी वेळ

बारा वर्षांच्या पोरांच्या पायांकडे बघून भविष्य सांगणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो, आणि त्या माणसांत पहिला नंबर माझा आहे. अठ्ठावीस वर्षं मी शाळेत खेळ शिकवतो. एखादं पोर जरा बरं पळालं की मुख्याध्यापकांपासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत सगळे ज्योतिषी होतात. हे पोर देशासाठी पळणार, पेपरात फोटो येणार, शाळेचं नाव निघणार. पोराला अजून स्वतःच्या बुटाची नाडी धड बांधता येत नसते.

मी हे आधी माझ्या लेकीच्या बाबतीत करून बसलो होतो. बाराव्या वर्षी ती दोन यत्ता पुढच्या मुलांना मागे टाकायची. मी हुरळून गेलो. तिला खेळाडूंच्या निवासी शाळेत धाडलं, तेही बँड लावल्यासारखं गावभर सांगून. सोळाव्या वर्षी ती परत आली ती दोन्ही गुडघे कामातून गेलेले घेऊन. आता ती बत्तीस वर्षांची आहे, टपाल कचेरीत खिडकीवर बसते आणि जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरते. दर रविवारी फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते, आणि ठेवते. त्या चार वर्षांबद्दल आम्ही कधी बोललो नाही. तिने विषय काढला नाही आणि माझी हिंमत झाली नाही.

तर अशा माणसाच्या हाती भिंगरी लागली.

हे नाव मीच ठेवलं. मैदानाच्या कोपऱ्यावर बाकीची पोरं वेग कमी करतात, ही न थांबता गर्रकन वळायची. तिची आई इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरी इस्त्री करायची. सकाळची पाळी लवकर सुरू व्हायची, म्हणून पोर आईबरोबर निघायची, तिथे बसून डबा खायची आणि मग शाळेपर्यंत पळत यायची. वडील कुठे आहेत हा विषय त्या घरात कोणी काढायचं नाही आणि मीही काढला नाही.

आमचं मैदान अडीचशे मीटरचं आहे. बारा फेऱ्या म्हणजे तीन हजार मीटर. सातवीच्या सुरुवातीला मी सगळ्या वर्गाला बारा फेऱ्या पळवल्या, खरं तर शिक्षा म्हणून, कारण कोणीतरी माझी शिट्टी लपवली होती. चौथ्या फेरीपासून पोरं चालायला लागली. भिंगरी पळत राहिली. तिने काहींना तीनदा, काहींना चारदा मागे टाकलं. ती थांबली तेव्हा माझ्या घड्याळात दहा मिनिटं चार सेकंद झाले होते. मी घड्याळ कानाशी धरून हलवलं, जसं काही ते त्याने सुधारणार होतं. संध्याकाळी फीत घेऊन अख्खं मैदान पुन्हा मोजलं. अडीचशे मीटर, वर दोन वीत.

पण ते संध्याकाळी. सकाळी ती माझ्यासमोर गुडघ्यांवर हात टेकून उभी होती आणि विचारत होती, "किती झाले, सर?"

मी घड्याळाचं तोंड तळहातात झाकलं. "दहा पन्नास," म्हणालो.

विचार करून म्हणालो नाही. तोंडातून गेलं. पण एकदा गेल्यावर मी ते मागे घेतलं नाही, आणि पुढे सात महिने विचार करकरून तेच केलं. त्याचं कारण त्या निवासी शाळेचा फॉर्म. दरवर्षी तो येतो. तेरा पूर्ण न झालेल्या मुलांच्या वेळा लिहून पाठवायच्या. मुलींची तीन हजारांतली वेळ साडेदहा मिनिटांच्या आत असेल तर बोलावणं येतं आणि राहणं, शिक्षण, सराव सगळं तिकडेच. वेळ खरी की खोटी हे बघायला कोणी येत नाही. खेळाच्या शिक्षकाची सही असली की झालं. म्हणजे त्या पोरीचं पुढचं सगळं आयुष्य माझ्या अंगठ्याखाली होतं.

मी स्वतःला सांगितलं की मी तिला वाचवतोय. तिकडे तिचा चोथा करतील, सोळाव्या वर्षी परत पाठवतील. इथे राहिली तर मजेत पळेल, शिकेल, धड पायांनी मोठी होईल. हे खरंही होतं. पण खरं सांगायचं तर सकाळी रिकाम्या मैदानावर ती पोर वळणावरून येताना दिसली की माझा दिवस चांगला जायचा, आणि ती गेली असती तर मागे फक्त शिट्टी लपवणारी पोरं उरली असती. हेही कारण होतं. किती टक्के हे मला विचारू नका.

ती मजेत पळेल ही माझी समजूत मात्र आठवड्याभरात संपली. फॉर्मबद्दल तिला वर्गातल्या कोणाकडून तरी कळलं. दुसऱ्या दिवशी शिट्टी व्हायच्या आधी मैदानावर हजर.

"सर, साडेदहाच्या आत यायला वीस सेकंद कमी करायचेत ना?"

"होतील हळूहळू. घाई काय आहे?"

"घाई आहे. मला मार्चमध्ये तेरा पूर्ण होतात."

मग ती आठवड्यातून एकदा बारा फेऱ्यांची वेळ मागायची आणि मी द्यायचो, वर चाळीस-पन्नास सेकंदांची भर घालून. ती दहाच्या आत आली त्या दिवशी मी तिला दहा एकेचाळीस सांगितले. मोबाईल शाळेत आणायला बंदी, घड्याळ एकट्या माझ्या गळ्यात. आंतरशालेय स्पर्धेत त्या वयाच्या मुलींना जेमतेम सहाशे मीटर पळवतात आणि तिथे नंबर लिहितात, वेळ नाही. भिंगरी ती शर्यत एवढ्या फरकाने जिंकली की दुसरी मुलगी येईपर्यंत तिने पाणी पिऊन घेतलं होतं. परतताना बसमध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"सर, इथे एवढी पुढे होते, मग तीन हजारात काय होतं मला?"

"लांब पल्ल्यात तुझा दम कमी पडतो," मी म्हणालो.

आयुष्यात मी बरंच खोटं बोललो असेन. एवढं नीच दुसरं आठवत नाही. तिने मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघत बसली. त्यानंतर तिची आई मला रस्त्यात भेटली, म्हणाली, पोर पहाटे उठून इस्पितळाच्या मागच्या रस्त्यावर पळते, सांगून ऐकत नाही, तुम्ही सांगा. मी सांगितलं. तिने "हो सर" म्हटलं आणि पळत राहिली. हिवाळ्यात ती पळून झालं की खाली बसून डावी नडगी चोळायची. मला ते दिसत होतं. माझ्या लेकीने तशी नडगी चोळलेली मी पाहिली होती, दुसऱ्या कोणी नाही तरी मी ओळखायला हवं होतं. मी म्हणालो, बूट घट्ट होत असतील.

त्याच सुमारास एका रविवारी मला फुशारकी मारायची हुक्की आली. लेकीने गोळ्यांचं विचारलं आणि फोन ठेवायच्या आत मी तिला भिंगरीची सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं, तिला बरं वाटेल. बापाला अक्कल आली म्हणेल.

ती म्हणाली, "बाबा, तिला माहीत आहे?"

"माहीत असतं तर उपयोग काय?"

"तेव्हाही तुम्हीच ठरवलंत. आताही तुम्हीच ठरवताय."

"तुझ्यासारखं होऊ नये म्हणूनच करतोय ना!"

"माझ्यासारखं म्हणजे कसं?" तिने शांतपणे विचारलं. मी उलट चिडलो. जिच्यासाठी एवढं केलं तिलाच त्याची किंमत नाही, असलं काहीतरी बोलून फोन आपटला. कोणासाठी केलं हे मलाच कळत नव्हतं.

फॉर्म पाठवायचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. सोमवारी भिंगरीने शेवटची वेळ मागितली. ती मैदानावर आली तीच पाय जपून टाकत. मी म्हटलं, राहू दे आज. ती म्हणाली, आजच. पहिल्या दोन फेऱ्या तिचं तोंड वेडंवाकडं होत होतं, मग पाय बधिर झाला असावा, कारण पुढच्या दहा फेऱ्या ती अशी पळाली की वर्गातली पोरं खिडक्यांत येऊन उभी राहिली. नऊ मिनिटं त्रेचाळीस. अठ्ठावीस वर्षांत त्या मैदानावर कोणी, मुलाने नाही की मुलीने नाही, असं पळालेलं मी पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि त्याच भरल्या डोळ्यांनी मी हिशेब करत होतो की आता किती सांगावं. फार सांगितलं तर तिला पटणार नाही. कमी सांगितलं तर ती पात्र होईल.

"दहा बत्तीस," मी म्हणालो.

तिने ओठ आवळले. "दोनच सेकंद, सर. परवा परत घ्याल?"

"आता बस झालं. खूप केलंस. पायाला विश्रांती दे."

मला जेवढ्या मायेने म्हणता येईल तेवढ्या मायेने मी ते म्हणालो. ती दोन सेकंदांच्या मागे दुसऱ्याच दिवशी पहाटे इस्पितळाच्या मागच्या रस्त्यावर गेली, आणि तिथे तिच्या नडगीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, चीर दोन महिन्यांपासून असणार, आता तुटायचं तेवढं बाकी होतं. वर्षभर पळायचं नाही, आणि पुढे पूर्वीसारखं पळता येईल असं ते लिहून द्यायला तयार नव्हते.

शुक्रवारी मी फॉर्म भरला, सही केली, पाठवला. शनिवारी तिच्या घरी गेलो.

दोनच खोल्या. खाटेवर पोर, प्लास्टरमधला पाय घडी केलेल्या चादरींच्या चवडीवर. चादरींवर इस्पितळाचा शिक्का होता. आई घरीसुद्धा इस्त्रीच करत होती, भिंगरीच्या शाळेच्या गणवेशाला. मला बघून तिने खुर्ची पुसली.

"सर, एक बरं केलंत," ती म्हणाली. "तुम्ही निदान खोटी आशा लावली नाहीत. दुसरा कोणी असता तर पोरीला हवेत चढवलं असतं. तुम्ही आहे ते सांगत राहिलात."

एवढं मात्र मला गिळता आलं नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी गप्प बसून ऐकून घेतल्या असत्या आणि घरी गेलो असतो.

"मी सांगायचो त्या वेळा खोट्या होत्या," मी म्हणालो.

आईला काही कळलं नाही. पोरीला कळलं. "पहिल्या दिवसापासून?"

"हो."

तिने उशीखालून गणिताची वही काढली. मागच्या पानांवर तारखा आणि त्यांच्यासमोर माझ्या सगळ्या वेळा होत्या, सुबक अक्षरात. काही ओळींपुढे आणखी लिहिलेलं होतं. अर्धा तास आधी उठायचं. मैत्रिणींकडे जायचं नाही. पाय दुखला तर सरांना सांगायचं नाही, पळू देणार नाहीत.

"खऱ्या सांगा," ती म्हणाली, आणि पेन्सिल घेतली.

मी माणूस म्हणून कसाही असलो तरी वेळा मला पाठ राहतात. ती तारीख वाचायची, मी खरी वेळ सांगायचो, ती जुनी खोडून नवी लिहायची. एका ओळीवर ती थांबली. "या दिवशी मी आईशी भांडले होते. तिच्यामुळे झोप होत नाही म्हणून वेळ येत नाही, असं म्हणाले होते." आईने मान वर केली नाही, पण इस्त्री एका जागीच थांबली. "पुढची," पोर म्हणाली. मी पुढची सांगितली. शेवटच्या ओळीवर तिने नऊ त्रेचाळीस लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"फॉर्म गेला?"

"काल गेला."

"त्यात काय लिहिलंत?"

"दहा बत्तीस."

तिचा आवाज चढला नाही. "का, सर?"

मी सांगितलं. माझ्या लेकीचे गुडघे, ती शाळा, तिकडे पोरांचं काय होतं, सगळं. मला तुला वाचवायचं होतं, असंही म्हणालो. ते वाक्य त्या खोलीत फार वाईट ऐकू आलं.

"पण मी जाणारच नव्हते," भिंगरी म्हणाली. "आईला एकटीला सोडून कुठे जाणार? त्यांचं बोलावणं आलं असतं ना, तर मी ते फक्त आईला दाखवणार होते. मग नाही म्हणून कळवणार होते. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

आईने इस्त्रीचं बटण बंद केलं, वायर गुंडाळली आणि जाऊन माझ्यासाठी दार उघडलं.